आंब्याचा चीजकेक सैल का राहतो, आणि वरचा चुरा कुरकुरीत कसा ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ओव्हन नाही, आणि घरचे सगळे शाकाहारी असल्यामुळे जिलेटिन चालत नाही. म्हणून चक्का, क्रीम, हापूसचा वाटीभर रस आणि घट्टपणासाठी चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून केलेला अगर-अगर) घालून चीजकेक केला, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. तरी तो मध्ये सैल राहिला, कडेने पाणी सुटले, तळाचे बिस्किट ओले झाले आणि वर पसरलेला काजू-बदामाचा चुरा सकाळपर्यंत मऊ पडला. आता बारा माणसांसाठी पुन्हा करायचा आहे, तर चायना ग्रास वाढवू का, असे तुम्ही विचारता.

वाढवू नका. तक्रारी चार दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. भाजलेल्या चीजकेकमध्ये अंडे असते. उष्णतेने अंड्यातली प्रथिने घट्ट होतात आणि आतले पाणी धरून ठेवतात. न भाजता केलेल्या चीजकेकमध्ये हे काम करणारे कोणी नसते. तिथे आकार टिकतो तो थंडीत घट्ट झालेल्या स्निग्धतेवर: चीजमधल्या, फेटलेल्या क्रीममधल्या, चॉकलेटमधल्या. तेवढ्याने न धरलेले पाणी मोकळेच राहते आणि रात्रभरात आपली वाट शोधते. खाली बिस्किटात उतरते, कडेने ताटलीत येते, वर चुऱ्यात शिरते. चायना ग्रास जास्त घातला तर चीजकेक कापता येईल, पण खाताना तोंडात विरघळणार नाही, कारण एकदा घट्ट झालेला चायना ग्रास साधारण ८५ अंश सेल्सिअसला जाईपर्यंत पुन्हा पातळ होत नाही. चीजकेकचा सगळा आनंद तो जिभेवर विरघळण्यात आहे. तो घालवून आकार मिळवणे मला पटत नाही.

मी घरून डेझर्टच्या ऑर्डरी करते आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त मागणी आंब्याच्या चीजकेकला असते. त्यामुळे खाली देते आहे ती पद्धत पुण्याच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात, शाकाहारी घरांसाठी आणि ओव्हनशिवाय बसवलेली आहे.

आधी चक्क्याबद्दल, कारण निम्मी लढाई तिथेच आहे. अमेरिकेत क्रीम चीज म्हणून विकायचे तर त्यात किमान ३३ टक्के फॅट लागते आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर चालत नाही. आपला चक्का यापासून किती लांब आहे ते बघा. म्हशीच्या दुधाच्या दह्यात साधारण ६ ते ७ टक्के फॅट असते. एक किलो दह्यातून ४०० ग्रॅम चक्का काढला तर फॅट १५-१६ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे क्रीम चीजच्या अर्धेच. टोन्ड दुधाच्या, ३ टक्के फॅटच्या दह्याचा चक्का तर ७-८ टक्क्यांवरच थांबतो. म्हणून दोन गोष्टी ठरतात. दही म्हशीच्या दुधाचे, सायीसकटचे घ्यायचे. आणि चक्का एकट्याच्या जोरावर उभा राहणार नाही हे धरून त्याला स्निग्धतेची जोड द्यायची.

श्रीखंडासाठी आपण चक्का बांधतो तेव्हा किलोला ४५०-५०० ग्रॅम मिळाला तरी चालतो, उलट थोडा ओलसर असला तर श्रीखंड मऊ होते. चीजकेकला तो चालत नाही. एक किलो दह्याचा ४०० ग्रॅम झाला की थांबायचे, त्याआधी नाही. हे डोळ्यांनी ठरवू नका, वजनकाट्यावर ठेवा. दही पंच्यात किंवा मलमलच्या दुहेरी फडक्यात बांधा, पहिला तासभर टांगून ठेवा म्हणजे मोकळे पाणी पटकन निथळेल, मग गाठोडे चाळणीत, चाळणी पातेल्यावर आणि वर अर्धा-एक किलोचे वजन ठेवून सगळे फ्रीजमध्ये सरकवा. दहा-बारा तास लागतात. बाहेर टांगून ठेवलेले दही मे महिन्यात आंबत जाते, आणि तो आंबटपणा झाकायला मग साखर वाढवावी लागते. साखर वाढली की काय होते ते श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे: घट्ट चक्क्यात साखर मिसळली की तो बघता बघता सैल होतो. साखर चक्क्यातले पाणी ओढून घेऊन त्याचा पाक करते. तुमच्या चीजकेकमध्ये हेही झाले असणार.

चक्का तयार झाला की नाही हे बघायला वाटीत दाबून भरा आणि वाटी उलटी धरा. हलला नाही, तर ठीक. मग एक चमचा चक्का घडी घातलेल्या टिश्यू पेपरवर दहा मिनिटे ठेवा. भोवती ओल्याची मोठी कड दिसली तर अजून दोन तास वजनाखाली ठेवा. डेअरीतून तयार चक्का आणलात तरी रात्रभर वजनाखाली ठेवायचाच. पाडव्याला आणि दसऱ्याला मिळणारा चक्का बहुतेक वेळा श्रीखंडाच्या बेताने काढलेला असतो. निथळलेले पाणी फेकू नका. कढीत किंवा थालिपीठाच्या पिठात ते छान लागते.

परदेशात राहणाऱ्यांनी ग्रीक योगर्ट घेतले तरी तेही वर सांगितल्याप्रमाणे निथळून घ्यावे, आणि डब्यावर फॅट किती लिहिले आहे ते वाचावे. शून्य टक्क्याच्या योगर्टमधून हा पदार्थ होत नाही. लेबने, म्हणजे निथळून घट्ट केलेले अरबी पद्धतीचे दही, मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

आता रस. आंब्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असते. म्हणजे तुम्ही वाटीभर रस घातलात त्यातले पाऊण वाटीहून अधिक पाणीच होते. चव हवी आणि पाणी नको, यावर आपल्याकडे उपाय पूर्वीपासून आहे: रस आटवायचा. कोकणात आंबावडीसाठी रस आटवून मावा करून ठेवतात. तो मिळाला तर सरळ तोच वापरा, मोसम नसतानाही चीजकेक होईल. फक्त त्यात साखर असते हे लक्षात ठेवा आणि मिश्रणातली साखर जवळजवळ पूर्ण काढून टाका. घरी करताना २५० ग्रॅम रस गाळून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत हलवत १५० ग्रॅमपर्यंत आणा. रंग गडद होतो, रस चमच्याला धरून राहतो. याहून पुढे नेलात तर ताज्या आंब्याचा वास जातो आणि जॅमचा वास येऊ लागतो. रस पूर्ण गार होऊ द्या.

आंबा कोणता, हाही मुद्दा आहे. पायरी रसाला उत्तम, पण तिचा रस पातळ. चीजकेकसाठी हापूस, कारण गर घट्ट आणि दोरे नाहीत. केशरही चांगला चालतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पेटी घेताना त्याची खूण बघता आली तर बघा. मात्र चीजकेकसाठी पहिल्या प्रतीचा मोठा आंबा लागत नाही. लहान, पूर्ण पिकलेला, सालीवर डाग पडलेला पण आतून निरोगी आंबा घ्या आणि देखणी फळे कापून खायला ठेवा. डब्यातला रस वापरायचा तर तो बहुधा गोड केलेला असतो, चाखून मगच साखर ठरवा.

स्निग्धतेची जोड कशाने द्यायची? क्रीम चीज मिळाले आणि खिशाला परवडले तर २०० ग्रॅम चक्क्याच्या जागी २०० ग्रॅम क्रीम चीज घाला, चव गोलाई घेते. नाही मिळाले तर अडत नाही. माझा भरवसा पांढऱ्या चॉकलेटवर आहे. त्यातले कोको बटर नेहमीच्या तापमानालाही घट्ट असते, फ्रीजमध्ये आणखी घट्ट होते आणि तोंडात शरीराच्या उष्णतेने विरघळते. आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. शिवाय त्यातच साखर असल्यामुळे वेगळी साखर फार कमी लागते. कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेले कंपाउंड घेतले तरी चीजकेक उभा राहतो, पण टाळूला किंचित तुपकट थर जाणवतो. पाहुणे खास असतील तर खरे चॉकलेट घ्या.

क्रीमबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळाच. २५ टक्के फॅटचे जे फ्रेश क्रीम आपण भाजीत घालतो, ते फेटून उभे राहत नाही. कितीही वेळ फेटा, ते पातळच राहणार आणि मिश्रणात आणखी पाणी नेणार. किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के फॅटचे व्हिपिंग क्रीम लागते. केकवर लावायचे गोड नॉन-डेअरी क्रीम पटकन उभे राहते हे खरे, पण ते वनस्पती तेलाचे असते आणि चक्क्याची चव दाबून टाकते. मी ते या पदार्थात वापरत नाही. क्रीम, पातेले आणि बीटरच्या काड्या तिन्ही थंडगार हव्यात. मे महिन्यात पातेल्याखाली बर्फाची परात ठेवूनच फेटा. मऊ टोक येऊन वाकले की थांबा. त्यापुढे गेलात तर लोणी सुटू लागते.

आता १८ सेंटिमीटरच्या, म्हणजे सात इंची, तळ सुटा होणाऱ्या टिनचे प्रमाण देते. यात आठ ते दहा तुकडे होतात. ४०० ग्रॅम घट्ट चक्का, १०० ग्रॅम ताजे मऊ पनीर, १५० ग्रॅम पांढरे चॉकलेट, १५० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम, आटवलेल्या रसापैकी १०० ग्रॅम, २ ते ३ चमचे पिठीसाखर, एका लिंबाची किसलेली पिवळी साल आणि चिमूटभर मीठ. वेलची घालायचा मोह आवरा. वेलची आली की सगळ्यांना हे आम्रखंड वाटते, आणि आम्रखंड हा स्वतंत्र, सुंदर पदार्थ आहे. लिंबाच्या सालीने मात्र आंबा उजळून निघतो.

पनीर दोन चमचे क्रीमबरोबर मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा. चक्का मात्र मिक्सरमध्ये कधीही घालू नका, पात्याने त्याची घडण मोडते आणि तो ताकासारखा वाहू लागतो. चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घासून काढा, पूर्वी श्रीखंडाचा चक्का काढत तसा. चक्का, पनीर, रस, साखर, मीठ, लिंबाची साल एकत्र करून हे मिश्रण फ्रीजबाहेर तासभर ठेवा. हा तास टाळू नका. थंड चक्क्यात वितळलेले चॉकलेट ओतले की ते स्पर्शानेच घट्ट होऊन त्याचे कण होतात आणि मग ते कण निघत नाहीत. चॉकलेट गरम पाण्यावरच्या पातेल्यात वितळवा, पाणी उकळते नको आणि पाण्याचा थेंबही आत जायला नको. वितळल्यावर बोट सहज टेकवता येईल इतके निवू द्या. मग त्यातच दोन मोठे चमचे चक्क्याचे मिश्रण घालून घोटा, आणि हे सैल झालेले चॉकलेट उरलेल्या मिश्रणात घाला. शेवटी फेटलेले क्रीम तीन वेळा थोडे थोडे घालून हलक्या हाताने मिसळा. यात चायना ग्रास नाही, आणि पाणी आवरले असेल तर त्याची गरजही पडत नाही.

तळासाठी १५० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटे, ३० ग्रॅम भाजलेले काजू आणि ७० ग्रॅम वितळलेले लोणी. मारी बिस्किटात स्निग्धता कमी असते, ती वापरली तर लोणी ८० ग्रॅम घ्या. याहून जास्त लोणी घातले तर थंड झाल्यावर तळ दगड होतो आणि सुरी आपटावी लागते. बिस्किटांची भुकटी रव्याइतकी बारीक, काजू किंचित भरड. टिनच्या तळाला बटर पेपर लावा, मिश्रण सपाट बुडाच्या वाटीने दाबून बसवा, कडेला जास्त दाबा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग ४० ग्रॅम पांढरे चॉकलेट वितळवून ब्रशने तळावर पातळ थर द्या आणि तो घट्ट होऊ द्या. वरचे पाणी खाली बिस्किटात उतरू न देणारा हा बांध आहे. एवढे केले की दुसऱ्या दिवशीही तळ खुसखुशीत राहतो.

मिश्रण ओतून टिन दोन-तीनदा ओट्यावर हलके आपटा, वर झाकण किंवा फिल्म लावा, आणि किमान आठ तास फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवणे सर्वांत चांगले. घाई म्हणून फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाचे स्फटिक चक्क्याची घडण फोडतात आणि सामान्य तापमानाला आल्यावर तेच पाणी बाहेर पडते. टिनमधून काढायच्या आधी फक्त पंधरा-वीस मिनिटे फ्रीझर चालतो, तेवढ्याने कड स्वच्छ निघते.

वर आंब्याचा चमकदार थर हवा असेल तर तिथे मात्र चायना ग्रास वापरा, त्याची खरी जागा ती. आटवताना उरलेला ५० ग्रॅम रस आणि १५० ग्रॅम ताजा रस गाळून एकत्र करा आणि कोमट करून ठेवा. चायना ग्रासची अर्धा चमचा पूड ६० मिलिलिटर पाण्यात घालून दोन मिनिटे चांगली उकळा. चायना ग्रास पूर्ण विरघळण्यासाठी उकळावेच लागते, आणि आंबट रसात उकळले तर त्याची ताकद कमी होते, म्हणून वेगळ्या पाण्यात. तो गरम असतानाच कोमट रसात ओतून पटकन ढवळा. रस थंड असेल तर गुठळ्या होतील, कारण चायना ग्रास ३५-४० अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागतो. ओतण्यापूर्वी चीजकेकचा पृष्ठभाग काट्याने किंचित खरवडा. गुळगुळीत पृष्ठभागावर हा थर धरत नाही, कापताना चकतीसारखा सरकून पडतो.

आता चुऱ्याकडे येते. तुमच्या प्रश्नात तो शेवटी आला, पण खाणाऱ्याला चीजकेक लक्षात राहतो तो बहुधा त्याच्यामुळे. मऊ, थंड, आंबटगोड घासात मध्येच काहीतरी कडक, खमंग, किंचित खारट लागले पाहिजे. ते नसेल तर तिसऱ्या चमच्याला कंटाळा येतो.

कुरकुरीतपणा म्हणजे कोरडेपणा. चुऱ्यात आधीच ओल राहिलेली असेल तर तो कधीच कुरकुरीत होत नाही, आणि कोरडा चुरा ओल्या पृष्ठभागावर रात्रभर ठेवला तर तो ओल पिणारच. म्हणून दोन नियम: कढईत तो पूर्ण कोरडा करायचा, आणि चीजकेकवर वाढायच्या वेळीच घालायचा. दुसरा नियम न पाळता पहिला कितीही पाळला तरी उपयोग नाही.

ओव्हनशिवाय खमंग, गोळीदार चुरा करायची युक्ती आपल्या बेसनाच्या लाडवांत आहे. ५० ग्रॅम कणीक आणि २० ग्रॅम जाड रवा ४० ग्रॅम साजूक तुपात मंद आचेवर भाजा. कणीक बदामी होऊन खमंग वास सुटला की एक ते दीड चमचा दुधाचा हबका मारा. चर्र आवाज होऊन पीठ फुलते आणि त्याच्या बारीक गोळ्या बनतात. आता उलथन्याने कढईत दाबू नका, फक्त हलवत राहा. या गोळ्या पुन्हा पूर्ण कोरड्या व्हायला सात-आठ मिनिटे लागतात आणि इथेच बहुतेक जण लवकर गॅस बंद करतात. एक गोळी बाहेर काढून गार करून दाताखाली घ्या. कट्ट आवाज आला पाहिजे. गरम असताना सगळेच मऊ लागते, त्यामुळे गार केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

सुकामेवा वेगळा भाजायचा, पिठाबरोबर नाही, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. ३० ग्रॅम काजू, २० ग्रॅम बदाम आणि २० ग्रॅम शेंगदाणे घेते. काजू तुकडा पटकन लाल होतो, बदामाला जास्त वेळ लागतो, दाण्यांची साले काढून पाखडून घ्यावी लागतात. वेंगुर्ल्याकडचे काजू मिळाले तर जरूर घ्या, भाजल्यावर त्यांची गोडी वेगळीच लागते. महागडी पाकळी नको, तुकडा घ्या, आपण चुराच करणार आहोत. शेंगदाण्याला कमी लेखू नका. आंब्याच्या गोडीला दाण्याचा खरपूसपणा काजूपेक्षा जास्त शोभतो, असे माझे मत आहे. सगळे गार झाल्यावर खलबत्त्यात दोन-चार ठोके द्या. मिक्सरमध्ये फिरवलात तर अर्ध्याचा कूट आणि अर्धे अखंड राहतील, शिवाय तेल सुटेल.

पीठ आणि सुकामेवा पूर्ण गार झाले की एकत्र करून त्यात २५ ग्रॅम पिठीसाखर आणि दोन चिमटी मीठ घाला. साखर गरम पिठात घातली तर ती वितळून चुरा चिकट होतो. गूळ या कामाला नको, तो हवेतली ओल ओढतो. याच कारणाने चिक्की कुटून घालणे सोपे वाटले तरी त्यात एक अडचण आहे: लोणावळ्याची दाण्याची चिक्की कुटून वाढतेवेळी घातली तर फार छान लागते, पण फ्रीजमध्ये अर्ध्या तासात ती चिकटते. घाईच्या दिवशी, ताटलीत वाढताना, चिक्की जरूर वापरा.

चुरा हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतो. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. चीजकेकच्या आदल्या आठवड्यात करून ठेवला तर ऐन दिवशी एक काम कमी होते. सुकामेवा जुना असेल तर मात्र भाजूनही खवट वास जात नाही, आधी एक-दोन दाणे खाऊन बघा. आणि पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून घ्या. चुरा वेगळा वाढण्याचा हाही एक फायदा, मात्र तळातले काजूही अशा वेळी वगळावे लागतील.

हीच पद्धत इतर फळांना लावता येते, पण फळागणिक काळजी बदलते. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा मोसम. तिच्यात आंब्याहून जास्त पाणी असते, त्यामुळे चिरून कच्ची आत घालू नका. २५० ग्रॅम स्ट्रॉबेरी ५० ग्रॅम साखरेबरोबर शिजवून निम्मी आटवा. वर कच्ची स्ट्रॉबेरी मांडायची तर वाढायच्या आधी मांडा, साखर लावलेले फळ काही मिनिटांत पाणी सोडते. घोलवडच्या चिकूत आंबटपणा नसतो, म्हणून लिंबाचा रस आणि चुऱ्यात अक्रोड घाला. चिकू पूर्ण पिकलेला हवा, नाहीतर जीभ ओढते. सीताफळाचा गर चवीला अप्रतिम, पण तो कधीही उकळू नका, कडवट होतो. गर चाळणीवर ठेवून रस निथळून घ्या आणि तसाच मिसळा.

अननस, पपई, किवी आणि ताजे अंजीर यांच्याबाबत विशेष सावध राहा. या फळांमध्ये प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात. जिलेटिन प्रथिनच असल्यामुळे या फळांसोबत ते घट्टच होत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत असते. पण जिलेटिन वापरत नाही म्हणून आपण सुटलो असे समजू नका. हीच द्रव्ये चक्क्याच्या आणि पनीरच्या प्रथिनांवरही काम करतात आणि काही तासांत मिश्रण सैल आणि कडू होते. ही फळे आधी पाच-सात मिनिटे उकळून घेतली की ती द्रव्ये निकामी होतात. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो. पुरंदरच्या ताज्या अंजिरांच्या फोडी अगदी वाढतेवेळी वर ठेवल्या तर काही बिघडत नाही, मिश्रणात मात्र शिजवूनच घाला.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, एका दाबात खाली न्या आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुसा. चीजकेक फ्रीजबाहेर फार वेळ ठेवू नका. उन्हाळ्यात अर्ध्या तासात तो कडेने नरम पडू लागतो, आणि दुधाचा पदार्थ असल्यामुळे जेवणावळीत दोन-दोन तास टेबलावर राहणे बरे नाही. तो दोन दिवसांत संपवावा. कुठे न्यायचा असेल तर टिनमधून न काढता थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पाकिटांसह न्या.

तुमच्या बारा माणसांसाठी दोन पर्याय आहेत. एक, २३ सेंटिमीटरचा टिन घेऊन वरचे प्रत्येक प्रमाण १.६ पट करा. म्हणजे चक्का ६४० ग्रॅम, त्यासाठी दही दीड किलोहून थोडे जास्त, चॉकलेट २४० ग्रॅम, क्रीम २४० मिलिलिटर. टिन रुंद असल्याने मध्यभाग गार व्हायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर हवाच. दोन, टिन न वापरता बारा काचेचे लहान ग्लास घ्या: वर दिलेले १८ सेंटिमीटरचे प्रमाण बाराजणांना ग्लासात पुरते, कापायची धास्ती नाही, आणि चार तासांत तयार होतात. पहिल्यांदा पाहुण्यांसाठी करताय तर मी ग्लास घेईन. शनिवारी संध्याकाळी जेवण असेल तर गुरुवारी रात्री दही बांधा, शुक्रवारी सकाळी रस आटवून चुरा करून डब्यात भरा, शुक्रवारी रात्री ग्लास भरून फ्रीजमध्ये ठेवा, आणि चुऱ्याचा डबा ग्लासांच्या ट्रेशेजारी चमच्यासकट टेबलावर येऊ द्या, म्हणजे प्रत्येक जण आपल्या ग्लासात हवा तेवढा घालून घेईल.